मेले म्हणजे वर

वेंगुर्ल्याच्या स्टँडवर बेळगावची गाडी सुटायला टेकली होती आणि आई मला खिडकीतून पंधराव्यांदा तेच सांगत होती, “जसो न्हेतंस, तसोच हाड.” (जसा नेतोस, तसाच आण.) मीही पंधराव्यांदा “होय गे” म्हटलं. माझ्या मांडीवर पितळेचा डबा होता. डब्यात जुन्या सोवळ्याचा रेशमी तुकडा, आणि त्यात गुंडाळलेला आमच्या देव्हाऱ्यातला शाळिग्राम. मी डबा ज्या पद्धतीने धरला होता ते पाहून कंडक्टरने विचारलं, “लाडू काय, मास्तर?” मी म्हटलं, “देव.” त्याने डब्याकडे पाहून नमस्कार केला, पण तिकीट एकाचंच फाडलं.

खरं म्हणजे तो शाळिग्राम नव्हताच. शाळिग्राम गंडकी नदीत सापडतात. हा आला होता हिंदी महासागराच्या तळातून, जिथे सूर्याचा उजेडही पोचत नाही. माझा थोरला भाऊ सदाशिव, आमचा दादा, एका परदेशी संशोधन जहाजावर खलाशी होता. ते जहाज लांबच लांब तारेला लोखंडी पिंजरा बांधून समुद्राचा तळ खरवडायचं आणि वर काय येतं ते पाहायचं. चिखल यायचा, आणि चिखलात मँगनीज, निकेल अशा धातूंचे हे काळे गोळे. चुलीत भाजलेल्या बटाट्याएवढे, तसेच खडबडीत. एका रजेत दादाने त्यातला एक माझ्यासाठी आणला. “तुझ्या पोरांना दाखव,” म्हणाला. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. पोरांना दाखवून झाल्यावर तो गोळा तपासायच्या पेपरांवर वजन म्हणून पडून असायचा.

पुढच्याच सफरीत दादा तापाने गेला. कप्तानाचं पत्र आलं. देह सन्मानाने समुद्राला दिला असं लिहून खाली अक्षांश-रेखांश दिले होते. आईने विचारलं, “म्हणजे खंय?” मी शाळेतला नकाशा आणून जमिनीवर पसरला आणि नुसत्या निळ्या रंगावर एका जागी बोट ठेवलं. मी बोट उचलल्यावर तिने तिथे आपलं ठेवलं आणि बराच वेळ ठेवून बसली. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावरचा गोळा देव्हाऱ्यात गेला. रोज त्याला आंघोळ, गंध, तुळशीचं पान. विज्ञानाचा मास्तर असूनही मी ब्र काढला नाही.

या गोळ्यांवर मी एका मासिकात चार पानं लिहिली होती. ती वाचून बंगळूरहून एका अनोळखी वृद्ध गृहस्थांचं कार्ड आलं. तीनएकशे वर्षांपूर्वी मराठी फौजांबरोबर दक्षिणेत उतरलेलं आणि तिकडेच रुजलेलं घराणं; स्वतः खनिजांचे रसायनतज्ज्ञ, आता निवृत्त. सगळा गाव त्यांना अण्णा म्हणत असे, म्हणून मीही म्हणतो. कार्डावर लिहिलं होतं : “असला गोळा पुस्तकात पाहिला, हातात कधी धरला नाही. नाताळात इथे एक सभा आहे. समुद्राच्या तळातली खनिजं काढावीत की काढू नयेत, असा विषय. मला बोलायचं आहे आणि काय बोलावं ते कळत नाही. गोळा घेऊन या. थंडी आहे, कानटोपी आणा.”

हे सगळं साठीचं दशक संपत आलं होतं तेव्हाचं. आईने तीन दिवस हो म्हटलं नाही. चौथ्या दिवशी तिनेच डबा घासून माझ्यापुढे ठेवला.

आंबोलीचा घाट चढून गाडी बेळगावात आली. तिथून मीटर गेजची आगगाडी. ती इतक्या सावकाश जायची की शेतातला माणूस “कुठं निघालात?” विचारायचा आणि उत्तर ऐकेपर्यंत खिडकीबरोबर चालत यायचा. काळी माती संपून तांबडी लागली, भाकऱ्या संपून इडल्या लागल्या. एका स्टेशनावर पितळी पेल्यात कॉफी मिळाली. विकणारा ती एका भांड्यातून दुसऱ्यात हातभर उंचीवरून ओतत होता. पहिल्या घोटाला जीभ पोळली, दुसऱ्याला मी चहाचा धर्म सोडला.

बंगळूरला उतरलो तेव्हा सकाळची उन्हं होती, पण उन्हालाही थंडी वाजत असावी. आमच्या कोकणात घाम हा कपड्यातलाच एक कपडा असतो. इथे मी छाती भरून श्वास घेतला आणि तो नाकातून थंडगार आत गेला. स्टेशनाबाहेर जटका (एक घोड्याचा टांगा) मिळाला. आत गवताच्या गादीवर मांडी घालून बसायचं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं इतकी की घरं झाडांना विचारून बांधली असावीत. ते शहर आता राहिलं नाही म्हणतात. मी पुन्हा जाऊन खात्री केली नाही, करायचीही नाही.

अण्णांचं घर चिकपेटेत. कापडाच्या ठाणांची दुकानं, दारात उभं राहून गिऱ्हाइकांना बोलावणारी माणसं, आणि या गर्दीतून आत वळलेली एक शांत गल्ली. दार उघडलं ते घरात कामाला असणाऱ्या लक्ष्मम्माने. मी विचारलं, “अण्णा आहेत का?”

ती म्हणाली, “अण्णाव्रु मेले.” आणि बोट आभाळाकडे केलं.

मी डबा पोटाशी धरून पायरीवर बसलो. कार्ड येऊन महिनासुद्धा झाला नव्हता. इतक्या लांबून आलो, आणि ज्याच्यासाठी आलो तो माणूस गेला! बरं, ही बाई ते सांगताना हसत होती. मी विचारलं, “कधी?” ती आणखी हसून म्हणाली, “मेले, स्वामी, मेले! होगि!” आणि पुन्हा बोट वर. काय ही माणसं, असं मनात म्हणत मी डोळे पुसले. तेवढ्यात वरून खोकला ऐकू आला. माडीच्या कठड्यावरून कानटोपी घातलेलं एक डोकं वाकलं आणि म्हणालं, “कोण, मास्तर का? खाली काय बसलात? वर या की हो!”

“तुम्ही... आहात?” मी विचारलं.

“हौ. का?”

मी ऐकलं ते सांगितलं. अण्णा इतके हसले की त्यांना कठडा धरावा लागला. स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी, अक्का, पदराला हात पुसत बाहेर आल्या. “अय्यो देवा,” त्या म्हणाल्या, “कन्नडात मेले म्हणजे वर हो! वर आहेत, माडीवर! होगि म्हणजे जा!” लक्ष्मम्माला मराठीतला अर्थ कळल्यावर तिने तोंडावर हात मारून घेतला. पुढचे चार दिवस अण्णा माडी चढायला निघाले की मोठ्याने सांगायचे, “मास्तर, मी मेले होऽ!” आणि अक्का रोज रागवायच्या, “तोंडाला स्वल्प आवर घाला की!” स्वल्प म्हणजे थोडा. आमच्याकडे हा शब्द व्याकरणातल्या स्वल्पविरामापुरता उरला आहे. तिकडे तो भाजीवालीच्या तोंडी होता.

अक्कांनी अवरेकाळूचं (पावट्याच्या दाण्यांचं) उप्पीट केलं होतं. पावट्याचा हंगाम होता आणि सगळ्या गल्लीला त्याचा वास होता. मी साकु, साकु (पुरे) म्हणत राहिलो आणि त्या “साकु म्हटलं की आम्ही दोन डाव वाढतो” म्हणत वाढत राहिल्या. मी डबा उघडला तेव्हा मात्र त्यांनी हात धुतले, पदर खांद्यावरून घेतला आणि गोळा काहीही न विचारता आपल्या देवघरात नेऊन ठेवला. मी मनातून त्यांच्या पाया पडलो.

अण्णांनी तो हातात घेतला तो दुपारी, माडीवर. खोलीभर पुस्तकं आणि खनिजांचे तुकडे. त्यांनी गोळा दोन्ही तळहातांत धरला, तोलला, आणि कानाला लावला.

“काही ऐकू येतंय?” मी चेष्टेने विचारलं.

“हेच ऐकायचं होतं, काही येतंय का,” ते म्हणाले. “एवढासा वाढायला किती लाख वर्षं लागली असतील! मास्तर, मी मँगनीजच्या डोंगरांत आयुष्य घालवलं. नमुने आणायचे, तपासायचे, किती टक्के ते लिहायचं. मी चांगला आकडा लिहिला की तो डोंगर गेला. एका डोंगराखाली झरा होता. बायका पाणी भरायच्या. आम्ही म्हटलं, इथं कोण राहतंय, चार झोपड्या. झरा आधी तांबडा झाला, मग गेला. मग झोपड्या गेल्या.” ते गोळ्यावरून अंगठा फिरवत राहिले. “तेव्हापासून वाटतं, हे समुद्रातनंच काढावं. तिथं झरा नाही, बाई नाही, घागर नाही. सभेत असंच सांगावं म्हणतो. पण मन सरी म्हणत नाही.”

सरी म्हणजे ठीक. दोन दिवसांत मी तो शब्द उचलला आणि जिथे तिथे वापरू लागलो. जटकावाला काही म्हणाला, सरी. वाढपी काही म्हणाला, सरी. या एका शब्दावर सगळं कन्नड येतं अशी माझी समजूत झाली. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात ते उगाच नाही.

संध्याकाळी वीज गेली. त्या वर्षी पाऊस कमी झाला होता, धरणात पाणी नव्हतं, आणि पाण्यावर तयार होणारी वीज रोज दिवेलागणीलाच जायची. देशात फार आधी रस्त्यावर विजेचे दिवे पाहिलेलं शहर कंदिलाच्या काचा पुसत बसायचं. अण्णांनी टॉर्च लावला. एक वापरून संपलेला सेल त्यांनी पकडीने फोडला आणि आतली काळी पूड माझ्या तळहातावर ओतली. “हे मँगनीज. तुमच्या देवाचा चुलतभाऊ. हा नसेल तर टॉर्च नाही.” मी हात धुतले, पण नखांतला काळेपणा दोन दिवस गेला नाही.

दुसऱ्या दिवशी प्रभाकरची ओळख झाली. अण्णांच्या मागच्या खोलीतला भाडेकरू, विजेच्या कामातला तरुण इंजिनियर, मूळ चिकोडीकडचा. एका श्वासात मराठी आणि कन्नड बोलायचा. तो मला एका हॉटेलात घेऊन गेला आणि “बाय टू कॉफी” मागवली. म्हणजे एक कॉफी दोघांत. बंगळूरची ही पद्धत मला फार आवडली. कॉफी अर्धी येते आणि गप्पा दुप्पट होतात.

“बघा की ओ मास्तर,” प्रभाकर म्हणाला, “पाऊस पडला तर धरण, धरण भरलं तर वीज, न्हाई तर कंदील. किती दिवस आभाळाकडं बघत बसायचं? आणि कोळसा जाळायचा म्हटलं तर तो काय जन्मभर पुरतोय? ऊन मात्र रग्गड आहे आपल्याकडं. उद्या उन्हाची वीज होणार, लिहून ठेवा. पण ऊन रात्री नसतंय. साठवाय पायजे. मोठाले सेल लागतील, कपाटाएवढे. त्याला मँगनीज लागणार, निकेल लागणार. डोंगर फोडून फोडून किती फोडणार? त्यापेक्षा तळातलं काढावं की! काळोख नि चिखल. सगळं मेलेलं. तिथनं काढलं तर कुणाच्या बापाचं काय जातंय?”

त्याचं बोलणं चूक नव्हतं. मी कंदिलाखाली शिकलेला माणूस. घराघरात दिवा लागावा असं मला का वाटू नये? पण शेवटचं वाक्य खटकलं.

“बापाचं नाही,” मी म्हटलं, “माझा भाऊ आहे तिथे.”

मी त्याला सगळं सांगितलं. त्याने पेला खाली ठेवला. “चुकलं ओ,” एवढंच म्हणाला आणि त्याची अर्धी कॉफी तशीच राहिली.

त्या संध्याकाळी अण्णांनी भीतभीत विचारलं. कापायचा नाही, फोडायचा नाही. फक्त खालच्या अंगाला नखाएवढी जागा घासून गुळगुळीत करायची, म्हणजे भिंगातून आतले थर दिसतील. “स्वल्प, मास्तर, अगदी स्वल्प. तुमच्या आईंना कळायचंही नाही.” झाकली मूठ सव्वालाखाची, आणि ही मूठ तर माझी नव्हतीच. पण मलाही आत काय आहे ते पाहायचं होतं. इतकी वर्षं मी पोरांना “नुसतं मानू नका, पाहा” म्हणून शिकवत आलो होतो. मी हो म्हटलं.

चिकपेटेच्याच एका बोळात अंगठीचे खडे घासणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराचं दुकान होतं. प्रभाकरने त्याला कन्नडात नीट समजावलं, नखाएवढी जागा बोटाने दाखवली आणि “दोन पानं बांधून आणतो” म्हणून समोर गेला. म्हाताऱ्याने चाक सुरू केलं. गोळा टेकवला, काळी पूड उडाली, त्याने पुसून पाहिलं, मान हलवली. मग चाक थांबवून माझ्याकडे वळला आणि गोळ्यावर आडवं बोट फिरवत म्हणाला, “नडुवे कुय्यला, स्वामी?”

मला एक अक्षर कळलं नव्हतं. पण तो इतक्या अदबीने विचारत होता, आणि आपल्याला कन्नड येतं असा माझा चार दिवसांचा तोरा! मी मान डोलावून म्हटलं, “सरी, सरी.”

त्याने दुसरं, पातळ चाक लावलं. मला वाटलं, हे गुळगुळीत करायचं असेल. कर्रर आवाज झाला आणि बघता बघता त्याच्या दोन हातांत दोन अर्धुकं होती. नडुवे कुय्यला म्हणजे मधोमध कापू का. त्याने रीतसर विचारलं होतं आणि मी दोनदा परवानगी दिली होती.

“नोडि, स्वामी!” (पाहा!) तो कौतुकाने म्हणाला.

मी पाहिलं नाही. मी त्याच्या दुकानाच्या फळीवर बसलो आणि भर बाजारात रडलो. दादा गेल्याचं पत्र आलं तेव्हा मी रडलो नव्हतो, आईला सावरायचं होतं. ते सगळं तिथे आलं. ठाणं खांद्यावर घेतलेले हमाल मला वळसा घालून जात होते. प्रभाकर पानं घेऊन आला, पाहिलं, आणि शेजारी बसला. म्हाताऱ्याने पैसे घेतले नाहीत. त्याची काहीच चूक नव्हती, आणि तोच हात जोडून उभा होता.

घरी अक्कांनी दोन्ही तुकडे पाहिले आणि त्यांचे डोळे भरले. अण्णा म्हणाले, “मास्तर, शाळिग्राम भंगला तरी पूजेतून काढत नाहीत. शास्त्र आहे.”

“तो शाळिग्राम नाही, अण्णा,” मी जवळजवळ ओरडलो. “असता तर शास्त्र चाललं असतं. नुसता दगड असता तर काहीच बिघडलं नसतं. तो माझ्या आईचा मुलगा आहे. तसाच आण म्हणाली होती.”

अण्णांनी खिशातून भिंग काढून माझ्या हातात दिलं. “तुम्ही आधी पाहा,” म्हणाले, “तुमचा हक्क आहे.”

आत कांद्यासारखे पदर होते, एकावर एक, काळे आणि तपकिरी. आणि सगळ्यांच्या मधोमध, चाकाने कापला जाता जाता वाचलेला, एक दात. तिकोनी, पिवळसर, झिलई अजून शाबूत. कुठल्याशा मुशीचा (शार्क माशाचा), कितीतरी लाख वर्षांपूर्वीचा. तो तळाशी पडला आणि त्याच्याभोवती समुद्र पदर चढवत बसला. वेंगुर्ल्याच्या बाजारात रोज मुशी पाहिलेला मी, मला तो ओळखायला पुस्तक लागलं नाही.

सभा दुसऱ्या दिवशी एका संस्थेच्या दिवाणखान्यात झाली. पंचवीसेक माणसं असतील. प्रभाकर चांगला बोलला. दिवे, सेल, ऊन, सगळं. फक्त “मेलेलं” हा शब्द त्याने वगळला, ते मला कळलं. मग अण्णा उठले. त्यांनी दोन्ही अर्धुकं टेबलावर ठेवली. “मी हो म्हणायला आलो होतो,” ते म्हणाले. “डोंगर वाचावेत म्हणून. पण डोंगर फोडताना आम्ही हेच म्हटलं होतं, इथं कोण राहतंय. तेव्हा पाहिलं नाही. आता पाहिल्याशिवाय हो म्हणणार नाही. हे मास्तर आहेत, यांचा भाऊ तळ वर येताना पाहत होता. त्यांना विचारा.”

माझ्याकडे दादाचं एक पत्र होतं, खिशातच असायचं. मी ते मराठीत वाचलं आणि प्रभाकरने कन्नडात सांगितलं. “आज पिंजऱ्यात बटाटे आले,” दादाने लिहिलं होतं, “आणि एका बटाट्याला चिकटून एक पांढरा जीव, नखाएवढा, नळीत राहणारा. हलत होता. मी बादलीत समुद्राचं पाणी घेऊन त्यात ठेवला, वर ओलं फडकं टाकलं. दुपारपर्यंत होता. पिंजऱ्याबरोबर आलेला चिखल पाण्यात पसरला तो संध्याकाळपर्यंत निवळला नाही, ताकासारखा राहिला. एवढ्याशा पिंजऱ्याचा एवढा, तर मोठं यंत्र घातलं तर काय होईल, असं वाटलं.”

मग मी म्हटलं, “मी तुमच्या गावात आलो तेव्हा मला सांगितलं, अण्णा मेले. तुमच्या भाषेत मेले म्हणजे वर. आमच्या भाषेत मेले म्हणजे मेले. माझ्या भावाच्या बादलीतल्या जिवाला दोन्ही अर्थ एकाच दिवशी लागू पडले. तो वर आला आणि मेला. म्हणजे खाली तो जिवंत होता.”

प्रभाकरने ते कन्नडात सांगितलं तेव्हा आधी हशा झाला आणि मग तो विरला. ठराव काही झाला नाही, कॉफी झाली. प्रभाकर माझ्याजवळ येऊन म्हणाला, “दिवे तर लागाय पायजेत ओ, मास्तर.” मी म्हटलं, “पाहिजेतच.” पुढचं वाक्य दोघांकडेही नव्हतं. आज नातवंडं वर्तमानपत्र वाचून सांगतात, मोटारी सेलवर चालतात आणि त्या काळ्या गोळ्यांवरून जगभर भांडणं चालली आहेत. मला ते दोघे आठवतात, अण्णा आणि प्रभाकर. ते पुढचं वाक्य अजून सापडलेलं दिसत नाही.

निघताना अक्कांनी पावट्याचे सोललेले दाणे बांधून दिले. अण्णा जिना चढून माडीच्या कठड्याशी उभे राहिले आणि जटका वळेपर्यंत ओरडत होते, “मास्तर, मी मेले होऽ! मेले!” गल्लीतल्या कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. मी हसत होतो आणि डोळे पुसत होतो. अण्णांचा निरोप मला आजही तसाच ऐकू येतो. पुढे दोन वर्षांनी अक्कांचं कार्ड आलं, ते वाचण्याआधीच मला कळलं होतं. मराठी कार्डात त्यांनी फक्त एक शब्द कन्नडातला घातला होता, आणि तो कुठला ते सांगायला नको.

परतीच्या वाटेवर मी आईला काय सांगायचं याची तालीम करत होतो. पडला म्हणावं, चोरट्याने फोडला म्हणावं, शास्त्राचं सांगावं. आंबोलीचा घाट उतरताना समुद्राकडचा दमट वारा अंगाला लागला आणि सगळी तालीम विसरलो. आई स्टँडवर आली होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि डबा माझ्या हातातून घेतला.

घरी येऊन तिने तो देव्हाऱ्यासमोर उघडला. दोन्ही अर्धुकं हातांत घेतली. मी म्हटलं, “आई, माझी चूक. भाषा न कळता हो म्हटलं.” ती रागावली नाही. तिने त्या मधल्या दातावरून बोट फिरवलं, तसंच, जसं एकदा नकाशावर ठेवलं होतं.

“ह्यो कोणाचो दात?”

“मुशीचो. लाखो वर्सांपूर्वीचो. तळार पडललो.”

“तळार? थंय खाली?” (तळाशी? तिथे खाली?)

“होय.”

मी पत्रातल्या त्या पांढऱ्या जिवाचंही सांगितलं, दादाने त्याच्यावर टाकलेल्या ओल्या फडक्याचं. हे पत्र मी तिला आधी कधी वाचून दाखवलं नव्हतं. तिने दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवले, दोघांवर एकेक तुळशीचं पान ठेवलं. किती वर्षांनी तिचा चेहरा सैल झालेला मी पाहिला.

“म्हणजे थंय वस्ती आसा,” ती म्हणाली. “मगे माझो सदा एकटो नाय.”